महालच्या वाड्यातली तीन छोटी पिस्तुले : एका वारशाचे प्रकरण

नागपूरच्या महाल भागातले हे घराणे मूळचे मालगुजारांचे, म्हणजे गावांचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे. भंडाऱ्याकडची गावे 1951 साली मालगुजारी संपली तेव्हाच हातची गेली. राहिला तो वाडा, त्यातली शिसवी कपाटे आणि शिकारीच्या दिवसांतल्या काही वस्तू. घरातले आबा 84 व्या वर्षी गेले आणि वाटणीआधीच्या आवराआवरीत एका कपाटाच्या खालच्या खणात मखमली अस्तराची पेटी निघाली. आत तीन पिस्तुले, तिन्ही तळहातात मावतील एवढी.

वारस तिघे. थोरले दादा रामदासपेठेत राहतात, ताई वर्ध्याला दिलेली, आणि धाकट्या, दिवंगत भावाचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. आबांच्या नावावर शस्त्र परवाना होता आणि त्यावर दोन हत्यारांची नोंद होती : बारा बोअरची दुनळी बंदूक आणि ‘.25 बोअर पिस्तूल, बेल्जियम’. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. पेटीतली उरलेली दोन कुठल्याच कागदावर नव्हती. खुद्द दादांकडे .32 चे रिव्हॉल्व्हर आहे, रीतसर परवान्याचे.

पुतण्याचे म्हणणे होते की शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना कसला परवाना, त्या पुराणवस्तू झाल्या. त्याने मोबाइलवर शोधून सर्वांत लहान, नक्षीदार पिस्तूल म्हणजे ‘लिंकनला मारलेले डेरिंजर’ असेही ठरवून टाकले होते. दादांना पोलिसांचे लचांड नको होते. ताईला त्या बेल्जियन पिस्तुलात जीव होता, कारण ते आजीच्या उशाशी असायचे. मला बोलावले ते खुणा वाचून देण्यासाठी. जुन्या हत्यारांवरचे शिक्के ओळखणे हा माझा वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. परवाना काढून देणे हे माझे काम नाही. पण या प्रकरणात शिक्के आणि कायदा एकमेकांत इतके गुंतले की दोन्हींबद्दल लिहावे लागेल.

आधी सुरक्षितता

फोनवरच सांगितले होते की पेटीला हात लावू नका. मी पोचलो तेव्हा पुतण्या बेल्जियन पिस्तूल हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फोटो काढत होता. दादा ओरडले, “ठेव ते खाली! काय करून राहिला तू?” त्याचे उत्तर होते, “काका, मॅगझिन काढलंय ना मी.”

इथे जरा थांबायला हवे, कारण हा समज सगळीकडे आहे. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, काढल्याने पिस्तूल रिकामे होत नाही. नळीच्या मागच्या घरात एक काडतूस असू शकते आणि या जातीच्या पिस्तुलाला बाहेर दिसणारा घोडाच, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा भागच, नसतो. आतली सुई ताणलेली आहे की सुटलेली, हे बाहेरून पाहून कळत नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या जाणत्या मिस्त्रीने ते भिंतीकडे तोंड करून, चापापासून बोट लांब ठेवून, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली तेव्हा एक जिवंत काडतूस टपकन सतरंजीवर पडले. किती वर्षे ते आत होते कुणास ठाऊक. पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानंतर त्याने एकाही वस्तूला न विचारता हात लावला नाही.

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्याची. बिनपरवान्याची दोन हत्यारे पिशवीत घालून स्कूटरवरून ठाण्यात नेऊन देण्याचा दादांचा विचार होता. हेतू चांगला असला तरी वाटेत नाकाबंदीत अडवले तर हेतू सिद्ध करत बसावे लागते. बिनपरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 25 खाली, 2019 च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. म्हणून आधी ठाण्याला लेखी कळवले : वडिलांच्या मृत्यूनंतर घर आवरताना अशा अशा वस्तू सापडल्या आहेत, ताब्यात घ्याव्यात. सोबत मृत्यूचा दाखला आणि आबांच्या परवान्याची प्रत जोडली. पोलीस घरी आले, पंचनामा झाला, पोच मिळाली. माझ्या मते या प्रकरणात कुटुंबाने घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

बेल्जियन पिस्तूल

ताईच्या आजीचे पिस्तूल होते बेल्जियमच्या एर्स्ताल गावातल्या फाब्रिक नॅशनल कारखान्याचे, 6.35 मिमीचे ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची ही रचना. 6.35 मिमीचे काडतूस, म्हणजेच आपल्याकडचे .25 बोअर, त्याने याच पिस्तुलासाठी घडवले. बेल्जियममध्ये 1906 पासून ते बनू लागले आणि 1950 च्या दशकाच्या अखेरपर्यंत दहा लाखांहून जास्त नग बाहेर पडले. तीच रचना अमेरिकेत कोल्ट कंपनीने 1908 ते 1948 या काळात ‘व्हेस्ट पॉकेट’ नावाने विकली. लांबी सुमारे साडेचार इंच, वजन चारशे ग्रॅमच्या आत, मॅगझिनमध्ये सहा काडतुसे. मुठीच्या मागे एक पट्टी असते, ती तळव्याने दाबली जाईपर्यंत चाप काम करत नाही. खिशात, बटव्यात किंवा उशीखाली ठेवण्यासाठी केलेली ही योजना.

भिंगातून पाहिल्यावर आधी तपासायचे ते हे पिस्तूल अस्सल आहे का. स्पेनमधल्या एइबार गावाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या ब्राउनिंगच्या नकला शेकडो नावांनी काढल्या. परदेशी पेटंटचा माल स्पेनमध्येच बनत नसेल तर तिथल्या कायद्याने त्या पेटंटला संरक्षण मिळत नसे, आणि कारागिरांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. त्या नकला भारतातही आल्या, आणि जुन्या परवान्यांवर त्यांना बेधडक ‘ब्राउनिंग’ लिहिलेले आढळते.

हे मात्र अस्सल निघाले. स्लाइडच्या डाव्या बाजूला कारखान्याचे पूर्ण फ्रेंच नाव आणि ब्राउनिंगच्या पेटंटचा उल्लेख, अक्षरे बारीक पण काठ धारदार. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या बंदूक-तपासणीगृहाचा शिक्का म्हणजे एक उभा अंडाकृती, आत ‘ई एल जी’ ही अक्षरे आणि खाली तारा. अंडाकृतीच्या डोक्यावर मुकुट होता. 1893 पासून हा मुकुट येऊ लागला, त्याआधी नसे. शेजारी सिंहाचा छोटा शिक्का, धूररहित दारूच्या दाबाला नळी टिकल्याची खूण. मुठीच्या काळ्या एबोनाइट (कठीण रबर) फळ्यांवर ‘एफ एन’ची गुंफण. डाव्या बाजूला सेफ्टीचा खटका होता. अगदी सुरुवातीच्या पिस्तुलांना तो नसतो, त्यामुळे हे पहिल्या तुकड्यांतले नाही.

अडचण निघाली क्रमांकात. परवान्यावरचा क्रमांक आणि फ्रेमवरचा (पिस्तुलाच्या सांगाड्यावरचा) क्रमांक यांत एका आकड्याचा फरक. फ्रेमवरचा मधला आकडा घासून घासून पुसट झाला होता. परवान्यावर 7 लिहिलेला, मला तो 1 वाटत होता. असा फरक किरकोळ नाही. क्रमांक जुळला नाही तर कागदावरचे पिस्तूल एक आणि हातातले दुसरे, असे धरले जाऊ शकते, आणि मग तेही बिनपरवान्याचे ठरते. सुदैवाने या पिस्तुलावर क्रमांक फ्रेमवर, स्लाइडवर आणि नळीवर असा तीन ठिकाणी असतो. नळीवरचा झाकलेला असल्यामुळे ताजा राहिला होता. तिथे 1 स्वच्छ दिसला, युरोपी पद्धतीने डोक्याला तिरपी रेघ असलेला. कुणा कारकुनाने कधीतरी त्याला 7 वाचले आणि प्रत्येक नूतनीकरणात तोच 7 पुढे उतरत गेला. तिन्ही क्रमांकांचे जवळून घेतलेले फोटो, मिस्त्रीचे लेखी निरीक्षण आणि आबांच्या फायलीत सापडलेली मूळ खरेदीची पावती, एवढे जोडून दुरुस्तीचा अर्ज गेला. ती पावती आबांनी फेकली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

तथाकथित डेरिंजर

तिसऱ्यांदा सांगूनही पुतण्याला पटत नव्हते, म्हणून त्याला शेजारी बसवून दाखवले. अब्राहम लिंकन यांच्यावर 14 एप्रिल 1865 रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात गोळी झाडली गेली ती फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या एकबारी पिस्तुलातून. त्या पिस्तुलात घोड्याची यंत्रणा बाजूला असते आणि नळी लाकडी दस्त्यात बसवलेली असते. आपल्या पेटीतल्या पिस्तुलाचा घोडा मध्यभागी, पेटीसारख्या पोलादी अंगातून वर आलेला. नळी मुळापासून पेच फिरवून निघणारी. तोंडाशी आत ताऱ्यासारख्या खाचा, त्यांत किल्ली घालून नळी सोडवायची, दारू आणि गोळी मागून भरायची, नळी परत आवळायची. आणि चाप दिसतच नव्हता! घोडा मागे ओढला की पोटातून तो खाली उतरतो. कोटाच्या खिशात किंवा बायका थंडीत दोन्ही हात घालत त्या फरच्या मफमध्ये अडकू नये म्हणून ही सोय. अंगावर पानाफुलांचे कोरीव काम, आणि नळीखाली मुकुटाचे दोन शिक्के, बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे 1904 पूर्वीचे. एकंदर घडणीवरून 1830 ते 1850 च्या दरम्यानचे टोपीदार पिस्तूल, म्हणजे घोड्याच्या फटक्याने छोटी स्फोटक टोपी पेटून दारू उडवणारे. अमेरिकेशी त्याचा काही संबंध नाही, पण मला विचाराल तर पेटीतली सर्वांत देखणी वस्तू हीच.

आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची हीच. शस्त्र अधिनियमाचे कलम 45 कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देते, पण अट एक आहे : ते दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. वयाने सूट मिळत नाही. या पिस्तुलाचा घोडा ठणठणीत, कमान जोरदार, टोपी बसवायचे बोंडूक शाबूत, नळी मोकळी. दारू, गोळी आणि टोपी मिळाली की ते आजही उडेल. विदर्भात हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. गडचिरोली-गोंदियाकडे शेतराखणीच्या भरमार बंदुका अजून आहेत आणि त्यांना परवाना लागतो. ठासणीची बंदूक परवान्याची, मग तशीच सुटी दारू-गोळी भरायचे पिस्तूल बिनपरवान्याचे कसे?

पुतण्याने सुचवले की नळीत शिसे ओतून ते निकामी करू. मी कडाडून विरोध केला. एक तर बिनपरवान्याच्या हत्यारावर घरी काम करणे हीच नवी भानगड. दुसरे, पोलिसांच्या पंचनाम्यावर त्याची जशी स्थिती नोंदली गेली ती बदलता येत नाही. आणि तिसरे म्हणजे पावणेदोनशे वर्षे टिकलेली यंत्रणा आपल्या सोयीसाठी ठार करायची, हे मला सहन होत नाही.

पिनफायर

तिसरी वस्तू म्हणजे सहाबारी छोटे रिव्हॉल्व्हर, दुमडणाऱ्या चापाचे. त्याच्या चक्रीच्या, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाच्या, मागच्या कडेला सहा खाचा होत्या, आणि त्यावरून ते पिनफायर हे लगेच कळते. या काडतुसाच्या बुडापासून एक पितळी खिळा आडवा बाहेर येतो, तो खाचेत बसतो आणि घोडा वरून त्या खिळ्यावर आदळतो. फ्रान्समधल्या लेफोशो पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली आणि लिएजच्या छोट्या कारखान्यांनी असे स्वस्त नग हजारोंनी काढले. इथेही ‘ई एल जी’चा अंडाकृती होता, पण बिनमुकुटाचा, म्हणजे 1893 च्या आधीचा. घोड्याचे नाक तुटलेले, चक्रीला आरपार तडा, फ्रेमही नळीच्या मुळाशी भेगाळलेली. पोलिसांनी ते तपासणीला पाठवले. बॅलिस्टिक तज्ज्ञाचा अहवाल आला की हे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. सूट मिळाली ती या अहवालामुळे. वस्तू परत आली तेव्हा दादांना सांगितले की अहवालाची साक्षांकित प्रत पेटीतच ठेवा, कारण उद्या ती नातवाच्या हाती पडली तर त्याला हे सगळे पुन्हा सिद्ध करावे लागू नये.

घरातल्या एका सूनबाईंनी ते इतवारीतून पॉलिश करून आणायचे म्हटले होते. वेळीच थांबवले. जुन्या पोलादावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तो उतरला की शिक्क्यांचे काठ झिजतात आणि संग्राहकाला वाचायला काही उरत नाही. हलके तेल, मऊ सुती फडके, बस. आणखी एक : चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातले क्षार ओल ओढतात. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवा एकदम बदलते. बेल्जियन पिस्तुलाची एक बाजू वर्षानुवर्षे चामड्याला टेकलेली होती. तिथे खडबडीत खड्डे पडले आहेत, मखमलीकडची बाजू निळीशार राहिली आहे.

दोनच्या मर्यादेचा पेच

आता खरा प्रश्न वाटणीचा. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाच्या नावावरच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोन केली, आणि वारशाने मिळणारे हत्यारही या दोनातच धरले जाते. दादांकडे रिव्हॉल्व्हर आधीच होते. म्हणजे दुनळी आणि पिस्तूल यांपैकी एकच त्यांना घेता येणार. पुतण्याला विकायचे होते. त्याने ऐकलेली किंमत खोटी नव्हती, फक्त तिचे कारण त्याला माहीत नव्हते. दहा लाखांहून जास्त बनलेले पिस्तूल युरोपात दुर्मिळ नाही. आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खासगी व्यक्तींसाठी आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलांना भाव चढला. तो भाव टंचाईचा आहे. आजीच्या उशाशी असलेले, मूळ पावतीसह, तिन्ही क्रमांक जुळणारे पिस्तूल, ही संग्राहकाची किंमत वेगळी आणि ती बाजारात मिळत नाही. मी त्याला हे सांगितले. तो गप्प बसला, पण ताईकडे बघत होता.

तोडगा ताईने काढला. “दुनळी दादाकडे राहू दे. पिस्तूल मी घेते, माझ्या नावावर काहीच नाही.” 2016 च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, आणि वारस मुलगा असो की मुलगी, त्यात फरक नाही. त्याच नियमात असेही आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयातीतच वारस नेमू शकतो. आबांना दोन्ही अटी कधीच लागू झाल्या होत्या. त्यांनी एक अर्ज केला असता तर निम्मी धावपळ वाचली असती, आणि हे मी त्यांच्या वयाच्या प्रत्येक परवानाधारकाला सांगत असतो.

मग कागदांचा प्रवास सुरू झाला. मृत्यूनंतर परवाना संपतो, त्यामुळे कलम 21 प्रमाणे दोन्ही नोंदीची हत्यारे विलंब न करता परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली होती. तिथून ती सोडवायची तर नव्या धारकाचा परवाना हवा. दादांचा अर्ज नागपूरच्या पोलीस आयुक्तांकडे, कारण शहरात परवाना प्राधिकारी तेच. ताई वर्ध्याची, म्हणून तिचा अर्ज तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. वारसांची परस्पर ना-हरकत प्रतिज्ञापत्रे, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरी सुरक्षित ठेवण्याची हमी. पन्नाशी ओलांडलेल्या ताईने प्रशिक्षण मनापासून केले. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या प्रशिक्षकाला विचारले, मॅगझिन काढल्यावर नळीत काडतूस राहते ना? पुतण्याने ना-हरकतीवर सही केली, पण त्याच्या हिश्श्यापोटी ताईने चांदीची काही भांडी सोडली. हा हिशेब त्यांच्यात राहिला.

.25 बोअर निषिद्ध बोअरमध्ये मोडत नाही, म्हणून हे स्थानिक पातळीवर निभावले. तेच पिस्तूल 9 मिमीचे असते तर प्रकरण फार वर जाऊन अडकले असते. ताईचा परवाना झाला, क्रमांकाची दुरुस्तीही त्यावर बरोबर उतरली. विक्रेत्याकडून पिस्तूल घेऊन ती दादांबरोबर वर्ध्याला गेली आणि तिथे दाखवून नोंद करून घेतली.

टोपीदार पिस्तूल अजून पोलिसांच्या ताब्यात आहे. ते कुणाच्याच परवान्यावर नव्हते, त्यामुळे वारसा हक्काचा दावा त्यावर बसत नाही, आणि दादा-ताई दोघांच्याही मनात ते घरी आणायचे नाही. मुदतीत काही झाले नाही तर ते सरकारजमा होईल आणि इतर जप्त गावठी कट्ट्यांबरोबर नष्टही होऊ शकेल, ही माझी खरी काळजी. म्हणून दोघांच्या सहीने अर्ज दिला आहे की ते नष्ट न करता सरकारी संग्रहालयाला द्यावे. अजब बंगल्यासारखे 1863 पासूनचे संग्रहालय ज्या शहरात आहे तिथे अशा वस्तूला जागा मिळायला हरकत नसावी. अर्जाला शिक्क्यांचे, ताऱ्याच्या खाचांचे आणि उतरणाऱ्या चापाचे फोटो मी वर्णनासह जोडले आहेत, फायलीवर निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याला समोर कट्टा नाही हे कळावे म्हणून. निर्णय अजून झालेला नाही. दादा दर पंधरवड्याला जाऊन चौकशी करून येतात.